खरखर गेली, आवाज टिकेल का?

हातात मावणाऱ्या वायरलेस संचावरून भिलाईची मुलगी पुण्याशी गप्पा मारू शकते. आवाज असा स्वच्छ की शेजारच्या खोलीतून कुणी बोलतंय असं वाटावं! हौशी रेडिओवाल्यांच्या जगात ही किमया डिजिटल आवाजानं केली. पण ज्या रात्री सगळंच कोसळतं, त्या रात्री हा आवाज साथ देईल का?

भिलाईचा कॅम्प-१ पॉवर हाउस रेल्वे स्टेशनपासून जवळच. नावातच छावणी! १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं पोटापाण्यासाठी इथं आली. मराठी माणसाला हा मुलूख तसा परका नव्हताच. १९५६पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. आजी-आजोबा विदर्भात आणि मुलगा-सून भिलाईत अशा घरांना ट्रंक कॉल बुक करून ताटकळत बसण्याचे दिवस अजून आठवत असतील.

आता समजा, याच कॅम्प-१मध्ये एक मुलगी आहे. नववीत शिकते, पण वेड वायरलेसचं. रीतसर परीक्षा देऊन तिनं सरकारी परवाना मिळवला आहे आणि हातात पाच वॉटचा छोटा संच आहे. गच्चीवर उभं राहून तिनं बटण दाबलं, तर तिचा आवाज किती दूर जाईल? भिलाईची जमीन सपाट, मध्ये घरं, झाडं, कारखान्याचे लोखंडी सांगाडे. पाच-सात किलोमीटर गेला तरी खूप झालं. नागपूर तर अडीचशे किलोमीटरवर!

हा छंद म्हणजे हॅम रेडिओ. त्यातून पैसा मिळवायचा नाही, व्यापाराचे निरोप द्यायचे नाहीत, सांकेतिक गुपितं पाठवायची नाहीत. जे बोलायचं ते उघड, कुणीही ऐकावं असं. दिवंगत पंतप्रधान राजीव गांधी हे असेच एक परवानाधारक हॅम. व्हीयू२आरजी ही त्यांची रेडिओवरची ओळख. जुलै २०२५मध्ये अंतराळवीर शुभांशू शुक्ला अवकाश स्थानकातून भारतीय विद्यार्थ्यांशी बोलले, तेही हॅम रेडिओवरूनच.

उंचावरचा निरोप्या

कमी ताकदीच्या संचाला लांबचा पल्ला मिळवून देण्याची जुनी युक्ती म्हणजे रिपीटर. उंच जागी एक यंत्र बसवायचं. ते एका कंपनसंख्येवर ऐकतं आणि त्याच क्षणी दुसऱ्या कंपनसंख्येवर मोठ्यानं बोलून दाखवतं. हॅम मंडळींच्या दोन मीटर पट्ट्यात या दोन कंपनसंख्यांमध्ये साधारणपणे ६०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात, नाहीतर यंत्र स्वतःचाच आवाज ऐकत बसायचं! सारी करामत उंचीची. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा का उभारला, हे ज्यानं गडावरून खालचं पुणं पाहिलं आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. या बाबतीत सह्याद्रीनं महाराष्ट्राला भरभरून दिलं आहे. भिलाईसारख्या सपाट गावाला मात्र उंच इमारतीचा नाहीतर मनोऱ्याचा आधार शोधावा लागतो.

तरीही रिपीटरची हद्द पन्नास-साठ, फार तर शंभर किलोमीटरची. मग दोन गावांचे रिपीटर इंटरनेटनं जोडले तर? १९९७च्या सुमारास कॅनडातल्या डेव्हिड कॅमरॉन या हॅमनं हे करून दाखवलं. २००२मध्ये अमेरिकेतल्या जोनाथन टेलर यांचं एकोलिंक आलं. पण हवेतला आवाज मात्र अजून जुन्याच एफएम पद्धतीचा होता. जरा दूर गेलं की खरखर, डोंगराआड गेलं की फसफस.

आवाजाचं सार

जपानच्या हौशी रेडिओ संघटनेनं १९९०च्या दशकाच्या अखेरीस आवाजच आकड्यांत बदलून पाठवण्याचं काम हाती घेतलं आणि २००१मध्ये डी-स्टार ही पद्धत जाहीर केली. युरोपातून २००५मध्ये डीएमआर आली. ती खरं म्हणजे कारखाने, बंदरं आणि सुरक्षारक्षकांसाठी बनली होती, पण संच स्वस्त झाल्यावर हॅम मंडळींनीही ती उचलली. २०१३मध्ये यासू कंपनीची सिस्टिम फ्यूजन आली. तिघींची भाषा वेगळी, एकीचं दुसरीला कळत नाही!

आवाज आकड्यांत बसवणं दिसतं तितकं सोपं नाही. टेलिफोन एक्स्चेंज तुमचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतं आणि प्रत्येक मापासाठी आठ बिट खर्च करतं. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट झाले. हॅम रेडिओच्या चिंचोळ्या वाटेत एवढं ओझं कुठून मावणार? डी-स्टार आवाजासाठी फक्त २,४०० बिट वापरतं, सत्तावीसपट कमी! हे जमतं कसं?

गळ्यावर बोटं ठेवा आणि ‘आ’ म्हणा. थरथर जाणवेल. आता नुसता ‘स्‌’ लांबवा. थरथर नाही, फक्त वाऱ्याची सळसळ. आपलं सगळं बोलणं या दोन गोष्टींच्या मिश्रणातून घडतं, आणि तोंड, जीभ, ओठ त्याला आकार देतात. ‘झाड’ म्हणताना सुरुवातीच्या ‘झ’मध्ये तर दोन्ही एकदमच असतं, खाली थरथर आणि वर सळसळ. संचातली चिप एक सेकंदाच्या पन्नासाव्या भागात एवढंच टिपते. आवाजाची पट्टी किती, जोर किती, कोणत्या भागात थरथर आणि कोणत्या भागात सळसळ. तेवढंच टिपण ती पुढे पाठवते. पलीकडची चिप ते वाचून आवाज नव्यानं घडवते. म्हणजे ऐकू येतो तो खुद्द आपला आवाज नव्हेच, आपल्या आवाजाची हुबेहूब नक्कल! म्हणून तर या आवाजाला थोडी यंत्राची छटा येते. गाणं ऐकवलं तर त्याची पार वाट लागते, कारण चिपला एका माणसाचं बोलणं समजतं, तबला-पेटी समजत नाही.

डीएमआरची आणखी एक गंमत आहे. एकाच उखळात दोघी जणी आळीपाळीनं मुसळ घालतात आणि दोघींचे घाव एकमेकींना लागत नाहीत, तसा या पद्धतीत एकच मार्ग दोन संभाषणं वाटून घेतात. एका सेकंदाच्या शंभर भागांतले तीन भाग एकाचे, पुढचे तीन दुसऱ्याचे. बोलणाऱ्यांना पत्ताही लागत नाही.

एकदा आवाजाचे आकडे झाले की तो इंटरनेटवरून कुठेही धाडता येतो. ब्रँडमायस्टरसारख्या जागतिक जाळ्यावर चर्चेसाठी क्रमांक ठरवून दिलेले असतात. ४०४ हा भारताचा. मोबाइल कंपन्यांच्या जगात भारताला जो देशक्रमांक मिळाला, तोच इथंही घेतला आहे. जवळपास रिपीटर नसेल तर काही जण घरात काडेपेटीएवढा हॉटस्पॉट ठेवतात. त्याची ताकद एका वॉटचा शंभरावा भाग, घर आणि अंगण भरेल एवढीच. इंग्लंडच्या जोनाथन नेलर यांनी लिहिलेली आज्ञावली अशा असंख्य हॉटस्पॉटमध्ये आणि रिपीटरमध्ये चालते, आणि ती त्यांनी जगाला फुकट दिली आहे. परवान्याच्या अटी पाळून कॅम्प-१मधल्या मुलीला पुणं गाठायचं असेल, तर वाट ही अशी.

कुलूपबंद चिप

हॅम मंडळींचा पिंड यंत्र उघडून बघण्याचा. पण डी-स्टार, डीएमआर आणि फ्यूजन या तिन्हींच्या काळजात असलेली आवाजाची विद्या एका अमेरिकन कंपनीची, पेटंटांनी बांधलेली. चिप विकत घ्या, आत काय चाललंय ते विचारू नका! ज्या छंदात सोळा वर्षांचं पोरही आपला संच आपण जोडतं, तिथं हे खटकणारच.

ऑस्ट्रेलियातल्या ॲडिलेडचे डेव्हिड रो यांनी ही गोष्ट मनावर घेतली. ते स्वतः हॅम आणि आवाजाच्या गणितात डॉक्टरेट मिळवलेले. त्यांनी कोडेक-२ नावाची विद्या लिहिली आणि सर्वांसाठी खुली केली. सेकंदाला ३,२०० बिटपासून थेट ७०० बिटपर्यंत ती खाली उतरते. ७०० बिट म्हणजे मराठीची जेमतेम थोडीशी अक्षरं, आणि त्यात माणसाचं बोलणं बसवायचं! पोलंडच्या वोयचेख काच्मार्स्की यांनी २०१९मध्ये याच कोडेक-२च्या पायावर एम-१७ ही संपूर्ण खुली पद्धत उभी केली. बाजारातल्या काही स्वस्त चिनी डीएमआर संचांना थोडं डाखकाम करून आणि आज्ञावली बदलून एम-१७ बोलायला लावता येतं. मोठ्या कंपन्यांपुढे ही मंडळी अजून मूठभर आहेत, पण या साऱ्या कहाणीत कौतुक कुणाचं करायचं तर त्यांचंच.

ती रात्र

आता मूळ प्रश्न. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावं थकून झोपली होती. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतरच्या दिवसांत निरोप पोचवणाऱ्यांमध्ये हॅम मंडळीही होती. त्यांच्याकडे संच, बॅटरी आणि तार होती. डिजिटल जाळं तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं.

अकरा वर्षांनी असंच घडलं. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद डिसेंबर २००४मध्ये अंदमानात होत्या. तिथून जगभरातल्या हॅम मंडळींशी बोलायचं, एवढ्यासाठीच ही मोहीम होती. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, फोन बंद पडले आणि पोर्ट ब्लेअरमधलं त्यांचं केंद्र मुख्य भूमीशी बोलणारा धागा बनलं. जगभर पोचलेला तो आवाज जुन्या पद्धतीचा होता. मध्ये मनोरा नाही, इंटरनेट नाही. लघुलहरी आकाशातल्या आयनांबरावर आपटून परत जमिनीवर येतात, तेवढाच आधार.

डिजिटल जाळ्याचं दुखणं इथंच आहे. मुलीच्या संचापासून पुण्याच्या संचापर्यंत साखळी लांबलचक. रिपीटरची वीज, मनोरा, इंटरनेटची तार, दूरदेशी बसलेला संगणक, पुन्हा तार, पुन्हा मनोरा. यातली एक कडी निखळली तरी पुणं गप्प! आणि भूकंपात, पुरात नेमक्या याच कड्या आधी निखळतात.

दुसरी अडचण कानाची. एफएमचा आवाज क्षीण होताना हळूहळू खरखरीत बुडतो. सरावलेला माणूस त्या खरखरीतूनही ‘पूल... पडला... औषधं...’ एवढं वेचून काढतो. डिजिटलचं तसं नाही. काही अंतरापर्यंत आवाज अगदी लख्ख, आणि मग कड्यावरून पाय घसरावा तसा एकदम नाहीसा. मध्ये काही नाही. त्याची बाजूही सांगायला हवी. चुका दुरुस्त करणारे जादा बिट सोबत असल्यामुळे एफएम खरखरायला लागतं त्या अंतरावरही तो बहुतेक वेळा स्वच्छ ऐकू येतो, आणि बोलणाऱ्याची ओळख आपोआप पडद्यावर उमटते. शंभर माणसं एकदम बोलू पाहतात अशा मदत छावणीत कोण बोलतंय हे कळणं मोलाचंच.

म्हणून जाणती मंडळी दोन्ही सांभाळतात. इंटरनेट तुटलं तरी रिपीटर आपल्या गावापुरता चालू राहतो, फक्त त्याला बॅटरी हवी आणि ती भरलेली हवी. (गच्चीवरच्या बॅटरीत पाणी घालायचं कुणाच्या लक्षात राहतं, हाच खरा यक्षप्रश्न!) रिपीटरही गेला, तर दोन संच थेट एकमेकांशी बोलू शकतात. बहुतेक डिजिटल संचांत जुनं एफएमही असतं. एक कळ फिरवायची, बस्स. पण ती फिरवण्याचा सराव शांत दिवसांतच झालेला असावा लागतो. घरबसल्या हॉटस्पॉटवरून ऑस्ट्रेलियाशी बोलणाऱ्याला शेजारच्या गावाशी थेट कसं बोलायचं हेच ठाऊक नसेल, तर किल्लारीसारख्या पहाटे त्याच्या महागड्या संचाचा काय उपयोग?

परवाना मिळणं आता पूर्वीइतकं कठीण राहिलेलं नाही. बारा वर्षं पूर्ण झालेला कुणीही भारतीय नागरिक केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा देऊ शकतो. प्राथमिक विद्युतशास्त्र आणि रेडिओचे नियम एवढा अभ्यास. खालच्या श्रेणीच्या परवान्याला मोर्सची कड-कट्ट लागत नाही. वरच्या श्रेणीला मात्र मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं मोर्स यावं लागतं. नोंदणी आता ऑनलाइन होते.

कॅम्प-१मधल्या आपल्या मुलीनं परीक्षा दिली, पास झाली असं धरू. नवा संच हाती आला की पुणं गाठण्याचा मोह तिला होणारच. पण तिच्या गुरुजींनी तिला आधी गच्चीवर पाठवावं, कळ एफएमवर ठेवायला सांगावी आणि दुर्गमध्ये कुणी ऐकतंय का ते विचारायला लावावं.