कोण कोणासाठी थांबते? कोकणातल्या रेल्वेप्रेमीची वही

कोकणात रेल्वेचे वेड असलेली माणसे पूर्वी फारशी नव्हती. त्याचे कारण अगदी साधे आहे. पूर्वी कोकणात रेल्वेच नव्हती. मुंबई-पुण्याकडच्या मुलांना खंडाळ्याच्या घाटातली इंजिने पाहत मोठे होता आले. रत्नागिरी, राजापूर, मालवणच्या मुलांच्या वाट्याला आगबोट आली आणि ती बंद पडल्यावर उरली ती एसटी. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली, १९९३ मध्ये रोहा ते वीर हा महाराष्ट्रातला पहिला टप्पा सुरू झाला आणि २६ जानेवारी १९९८ पासून मंगळूरच्या दिशेने सलग गाड्या धावू लागल्या. तेव्हा शाळेत असलेली मुले आज चाळिशीच्या आसपास आहेत. कोकणातला रेल्वेप्रेमी बहुधा याच पिढीचा. त्याच्या आजोबांनी गाडी पाहिली ती मुंबईला गेल्यावर. त्याने पाहिली ती घरामागच्या डोंगरातून बाहेर पडताना.

किनाऱ्यावर राहूनही या माणसाची पाठ समुद्राकडे असते. नकाशावर कोकण रेल्वे किनाऱ्याला समांतर दिसते खरी, पण महाराष्ट्रातल्या तिच्या वाटेवर समुद्र असा दिसतच नाही. खाड्यांची तोंडे टाळण्यासाठी आणि सपाटी साधण्यासाठी मार्ग आत, पूर्वेकडे घेण्यात आला. रत्नागिरीचे स्थानकही शहराच्या पूर्वेला आहे. त्यामुळे मांडवीच्या बंदरावर संध्याकाळी लोक सूर्यास्त पाहायला जमतात, तेव्हा हा गृहस्थ दुचाकी उलट्या दिशेला वळवतो. दहा रुपयांचे फलाट तिकीट काढतो. ते दोन तास चालते आणि दोन तासांत त्याचे काम होते.

त्याचे काम म्हणजे नोंदी. वहीत गाडीचे नाव, इंजिनाचा क्रमांक, इंजिनावर रंगवलेले त्याच्या शेडचे नाव, डब्यांची संख्या, वेळापत्रकातली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ. बाहेरच्याला ही निव्वळ आकड्यांची हौस वाटते, आणि पुष्कळ ठिकाणी ती तेवढीच असते. कोकणात मात्र या वहीत आणखी एक रकाना असतो व तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो. तो रकाना क्रॉसिंगचा.

रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग बहुतांशी एकेरी आहे. दोन स्थानकांमधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी असू शकते. समोरून दुसरी गाडी येत असेल, तर दोघींपैकी एकीने स्थानकातल्या बाजूच्या रुळावर, म्हणजे लूपवर, उभे राहायचे आणि दुसरीने मुख्य रुळावरून निघून जायचे. कोणती गाडी कोठे उभी राहणार हे नियंत्रण कक्षात ठरते. फलाटावरच्या माणसाला ते कोणी सांगत नाही. रेल्वेप्रेमी ते सिग्नलवरून वाचतो. दूरच्या सिग्नलला दोन पिवळे दिवे आणि स्थानकाच्या तोंडावरच्या होम सिग्नलला पिवळ्या दिव्यासोबत पांढऱ्या दिव्यांची तिरकी रांग दिसली, की येणारी गाडी लूपवर वळणार. सर्व सिग्नल हिरवे असले, की ती न थांबता जाणार. मोबाइलवर गाडीचे ठिकाण आता कोणालाही कळते. ती पुढे कोठे आणि कोणासाठी अडकणार, हे मात्र मोबाइल सांगत नाही. ते मनात मांडावे लागते, आणि या छंदाची खरी गोडी त्या मांडणीतच आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, सगळीकडे थांबणारी पॅसेंजर एका स्थानकात उभी आहे आणि समोरून एक्स्प्रेस यायची आहे. पुढचे स्थानक १२ किलोमीटरवर आहे. हे अंतर कापायला एक्स्प्रेसला ९ मिनिटे लागतात, पॅसेंजरला निघून पुन्हा थांबेपर्यंत १४. आता एक्स्प्रेस २० मिनिटे उशिरा धावत आहे. ती पुढच्या स्थानकातून जाईल ठरलेल्या क्रॉसिंगच्या वेळेनंतर ११ मिनिटांनी. पॅसेंजर तातडीने सोडली तरी तिला तेथे पोचायला १४ मिनिटे हवीत. म्हणजे एक्स्प्रेसला तीन मिनिटे सिग्नलबाहेर ताटकळावे लागेल. तसे होऊ दिले जात नाही. पॅसेंजर जागीच थांबते, पूर्ण २० मिनिटे. आता हीच एक्स्प्रेस ३० मिनिटे उशिरा आहे असे धरा. मग ती पुढच्या स्थानकातून जाणार २१ मिनिटांनी. पॅसेंजर १४ मिनिटांत तेथे पोचून लूपवर उभी राहू शकते आणि तिची खोटी होते अवघी सात मिनिटांची. एक्स्प्रेसला अधिक उशीर, म्हणून पॅसेंजरला कमी! फलाटावर वैतागलेल्या प्रवाशाला हे सांगून पाहावे. तो सांगणाऱ्याकडे विचित्र नजरेनेच पाहील. पण हिशेब चोख आहे.

या हिशेबामागे एक उतरंड आहे. राजधानी, वंदे भारत, अतिजलद गाड्या, मग साध्या एक्स्प्रेस, त्यामागून पॅसेंजर आणि शेवटी मालगाडी, असा सामान्यतः अग्रक्रम असतो. रेल्वेच्या दृष्टीने तो तर्कशुद्धच आहे. तथापि महिनोन्‌महिने वही लिहिणाऱ्याला त्यात दुसरेही काही दिसू लागते. दिवा-सावंतवाडी गाडीत बसलेला माणूस रत्नागिरीला रुग्णालयात निघालेला असतो, कोणी खेडहून चिपळूणला परीक्षेस, कोणी कणकवलीला कोर्टाच्या तारखेला. ज्या गाडीसाठी तो थांबतो, ती त्याच्या गावात थांबत नाही. हे रडगाणे म्हणून सांगायचे तर राजकीय व्यासपीठावर ते पुष्कळदा गायिले गेले आहे. वहीतल्या नोंदी मात्र आवाज न चढवता तेच सांगतात आणि म्हणून त्या मोलाच्या वाटतात. अमुक गाडी अमुक स्थानकात किती दिवसांपैकी किती दिवस अर्ध्या तासाहून अधिक थांबली, हे निवेदनात लिहिता येते. नुसते ‘नेहमीच उशीर होतो’ असे लिहून काहीच होत नाही.

पावसाळ्यात ही वही पालटते. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर विशेष गाडी आदळून पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढल्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, मत्स्यगंधा एक्स्प्रेसला रायगड जिल्ह्यात करंजाडीजवळच्या पुलावर अपघात झाला. या दोन घटनांनंतर पावसाळी वाहतुकीची सावधगिरी कमालीची वाढली. पावसाळ्यासाठी कमी वेगाचे स्वतंत्र वेळापत्रक असते. अनेक वर्षे ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे असे. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे ठेवण्यात आले. मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले, की चालकाने वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा असतो. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली अशा स्थानकांवर पर्जन्यमापक आहेत, पानवळच्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजला जातो, सावित्री आणि वाशिष्ठीवर पुराच्या पाण्याची पातळी कळवणारी यंत्रणा आहे. अलीकडच्या पावसाळ्यांत सहाशेहून अधिक कर्मचारी गस्तीवर असतात. रात्री दोन वाजता कटिंगमधून बॅटरी घेऊन चालत जाणारा तो माणूस रेल्वेप्रेमीच्या छायाचित्रांत सहसा येत नाही. तो यायला हवा.

एवढे करूनही डोंगर आपले म्हणणे सोडत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये पेडणे येथील बोगद्याची भिंत कोसळली व गाड्या पुणे, मिरज, लोंढामार्गे वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये त्याच पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरले आणि काही दिवसांतच खेडजवळ दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी दरड आली. अशा दिवशी या छंदिष्टाच्या घरचा फोन थांबत नाही. गणपतीत तर विचारूच नये. जादा गाड्यांनी एकेरी मार्ग गच्च भरलेला असतो, मुंबईकर चाकरमानी डब्यात घामाघूम झालेला असतो आणि कुडाळातून आत्येचा प्रश्न येतो, “गाडी खंयसर इली?” गाडी विलवड्याला लूपवर आहे, समोरच्या दोन गाड्या गेल्याशिवाय सुटणार नाही, तेव्हा आंघोळ उरकून निवांत स्टेशनवर जा, असे तो सांगतो. घरातल्यांनी वर्षभर ज्या छंदाची थट्टा केलेली असते, त्याला भाद्रपदात मान मिळतो.

गेल्या काही वर्षांत या माणसाचे एक नुकसानही झाले आहे. संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण होऊन २० जून २०२२ रोजी त्याचे लोकार्पण झाले. त्याआधी येथे डिझेल इंजिनांचे राज्य होते आणि ती कानांनी ओळखता येत. अमेरिकी ‘अल्को’च्या आराखड्यावर वाराणसीत बनलेली जुनी इंजिने उभी असताना अडखळत ठेका धरत, चढावर त्यांची धाप दरीभर ऐकू येई. पुढे आलेल्या जनरल मोटर्स घराण्याच्या इंजिनांचा आवाज सलग, गुरगुरणारा. उक्षी-भोके दरम्यानच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुडे बोगद्यातून गाडी बाहेर पडण्याआधी आवाज बाहेर येई व मागून धुराचा लोट. बोगद्यांतला तो धूर गेला, इंधनाचा खर्च वाचला, याबद्दल कोणाची तक्रार असू नये. पण आता विजेचे इंजिन जवळ येईपर्यंत कळतच नाही, आणि छायाचित्रात खांब व तारा आल्याशिवाय राहत नाहीत. खाऱ्या हवेचाही यात भाग आहे. किनारी दमटपणाने रुळांना गंज लवकर चढतो आणि तारांच्या इन्सुलेटरवर क्षार बसतात, म्हणून ते वेळोवेळी साफ करावे लागतात. वहीत हल्ली त्यांच्या सफाईचीही नोंद होते!

पानवळचा पूल मात्र अजून तसाच भव्य दिसतो. रत्नागिरी आणि निवसर यांच्यामधल्या या पुलाची उंची ६४ मीटर आहे. पाऊस सरल्यावरचे पहिले दोन-तीन आठवडे त्याच्या छायाचित्रासाठी उत्तम, कारण गवत हिरवे असते आणि हवा स्वच्छ. दरीतून गाडी पाहावी. रुळाजवळ जाऊ नये. परवानगीविना रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. मुरलेले छंदिष्ट हा नियम कटाक्षाने पाळतात. रीलच्या नादाने बोगद्याच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या नवख्यांमुळे आपल्यावरही संशय घेतला जातो, ही त्यांची रास्त कुरकुर आहे.

क्रॉसिंगचा रकाना मात्र हळूहळू बदलत आहे. रोहा ते वीर या सुमारे ४७ किलोमीटरवर ऑगस्ट २०२१ मध्ये दुहेरी मार्ग पूर्ण झाला. कडवई, कळबणी बुद्रुक, वेरवली, आचिर्णे अशी नवी क्रॉसिंग स्थानके झाल्यामुळे दोन स्थानकांमधले अंतर घटले. वरच्या उदाहरणातले १२ किलोमीटर सहा झाले, तर पॅसेंजर पुष्कळदा निसटू शकते. वीरच्या पुढे मात्र डोंगर सुरू होतात, बोगदे आणि पूल पुन्हा नव्याने बांधायचे तर पैसा प्रचंड लागतो, आणि महामंडळाजवळ तो नाही. भारतीय रेल्वेत विलीनीकरण झाल्यास निधी मिळेल, हा विलीनीकरणाच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद आहे; महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये त्यास संमती दिली, ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राखण्याच्या अटीसह. रत्नागिरीहून पूर्वी दादरपर्यंत जाणारी पॅसेंजर करोनाच्या काळानंतर दिव्यापर्यंतच नेण्यात येऊ लागली. तिचे क्रॉसिंग कोठे, कोणाशी आणि किती मिनिटांचे झाले, हे वहीत रोजच्या रोज लिहिले जाते.