अमेरिकेंतील ‘फंक’ कुस्ती

मल्लविद्या जेथें जेथें नांवारूपास आली, तेथें तेथें वस्तादांनीं शिष्यास पहिला धडा बहुधा एकच दिला आहे: पाय रोवून उभें राहावें, कंबर खालीं ठेवावी, आणि आपली पाठ कोणत्याहि परिस्थितींत प्रतिस्पर्ध्याच्या स्वाधीन करूं नये. अमेरिकेंतील महाविद्यालयीन आखाड्यांत मात्र गेल्या अर्धशतकांत कुस्तीची अशी एक तऱ्हा पुढें आली आहे कीं, ती या तिन्ही आज्ञा खुशाल मोडते. मल्ल आपण होऊन कोलांटी घेतो, प्रतिस्पर्ध्याच्या पायांत शिरतो, पाठीवर लोळतो, आणि पाहणाऱ्यास ‘आतां हा गेला’ असें वाटतें न वाटतें तोंच वर येऊन बसतो. या तऱ्हेस तेथें ‘फंक’ म्हणतात. फंक हें एरव्हीं एका ठेकेबाज संगीतप्रकाराचें नांव आहे. दोघे मल्ल एकमेकांत गुंतून कोण वर आणि कोण खालीं हें कळेनासें होतें, त्या झटापटीस ‘स्क्रॅम्बल’ असें म्हणतात. आणि फंक खेळणारा मल्ल ही झटापट टाळण्याऐवजीं मुद्दाम घडवून आणतो.

एक उदाहरण घेतल्यास गोष्ट स्पष्ट होईल. प्रतिस्पर्ध्यानें एकेरी पट काढण्यासाठीं झेप घेऊन पाय धरला, तर शास्त्रोक्त उत्तर असें कीं, दोन्ही पाय मागें फेकावे, छातीचा भार त्याच्या पाठीवर टाकावा आणि पाय सोडवून घ्यावा. फंकवाला पाय सोडवीत बसत नाहीं. धरलेला पाय तो तसाच राहूं देतो, प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवरून पलीकडे वांकतो आणि त्याचा दूरचा घोटा किंवा मांडी पकडतो. आतां दोघांच्याहि हातीं एकमेकांचे पाय आहेत. पट काढणाऱ्यास वर चढतां येत नाहीं आणि सोडूनहि देववत नाहीं. या पेचांत जो आधीं थांबेल तो हरेल. याच कुळांतला ‘स्प्लॅडल’ नांवाचा डाव आहे. त्यांत पट काढावयास आलेल्याचा एक पाय आपल्या पायांनीं अडकवून दुसरा हातांनीं ओढतात, आणि दोन्ही पाय फांकवून त्यालाच पाठीवर लोळवितात. १९७२ व १९७३ सालीं राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद मिळविणारा वेड शॅलिस याचें नांव या डावाशीं निगडित आहे.

हें सारें अमेरिकेंतच कां फुललें, याचें उत्तर तेथील मल्लांच्या स्वभावांत शोधण्यापेक्षां तेथील नियमांत शोधावें हें बरें. महाविद्यालयांतील कुस्तीस ‘फोकस्टाइल’ म्हणतात, आणि तिचा सारा भर कब्जावर आहे. प्रतिस्पर्ध्यास नुसतें खालीं आणून भागत नाहीं. त्याच्यावर ताबा बसला असें पंचास दिसावें लागतें, तेव्हांच गुण. तोंपर्यंत खालच्याची पाठ जमिनीकडे वळली तरी त्याचें कांहीं जात नसे. ऑलिंपिकमधील ‘फ्रीस्टाइल’ कुस्तींत याच्या उलट आहे. तेथें पाठ नव्वद अंशांपलीकडे जमिनीकडे वळली कीं प्रतिपक्षास गुण मिळूं शकतात, मग ताबा क्षणभरहि न टिको. म्हणजे जी लोळण एका पद्धतींत फुकट, तीच दुसरींत महाग.

बेन ॲस्क्रेन या मल्लाची कारकीर्द हा फरक उत्तम दाखविते. मिझुरी विद्यापीठाकडून खेळतांना तो २००४ व २००५ सालीं अंतिम फेरींत पराभूत झाला, आणि २००६ व २००७ सालीं १७४ पौंडी गटांत विजेता ठरला. शरीराचा बांधा पाहून कोणीं दचकावें असा तो नव्हता. परंतु त्याचा पाय धरणें म्हणजे आपणच पिंजऱ्यांत शिरणें, असा अनुभव त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना आला. २००८ सालीं बीजिंग ऑलिंपिकमध्यें त्यानें पहिल्या लढतींत हंगेरीच्या मल्लास चीत केलें, पण पुढच्याच लढतींत क्यूबाच्या इव्हान फुंडोरापुढें त्याचें कांहीं चाललें नाहीं.

महाराष्ट्रांतील वाचकांस या गोष्टीचें नवल वाटूं नये. मातीवरील निकाली कुस्तींत पाठ लागली कीं खेळ संपला. आपण होऊन पाठीवर लोळणाऱ्यास तालमींत कोणी उभें करणार नाहीं. मातींत घडलेल्या खाशाबा जाधवांना १९४८ सालीं लंडन येथें गादीवरील परक्या नियमांशीं झुंजावें लागलें व ते सहावे आले. तेच नियम अंगवळणीं पडल्यावर १९५२ सालीं हेल्सिंकी येथें त्यांनीं कांस्यपदक मिळविलें.

फंकवर अंकुश घालण्याचा प्रयत्न अमेरिकेंतहि झाला. २०१८-१९ च्या हंगामापासून महाविद्यालयीन कुस्तींत असा नियम आला कीं, झटापटींत एखाद्याची पाठ जमिनीकडे वळली तर पंचानें धोक्याचा इशारा देऊन मोजावयास लागावें, आणि तीन मोजीपर्यंत तो सांवरला नाहीं तर प्रतिस्पर्ध्यास पाडावाचे गुण द्यावे. या नियमानें फंक मेली नाहीं. ती अधिक चपळ मात्र झाली.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही कुस्ती उत्स्फूर्त दिसते म्हणून ती बेबंद आहे असें नाहीं. गवयाची तान ऐनवेळीं सुचते, पण सुचण्यापूर्वीं ती शेंकडों वेळां गळ्यांतून गेलेली असते. फंकवाल्याचेंहि तसेंच आहे. गुंतागुंतीच्या ठराविक दहा-वीस अवस्था तो रोज सरावांत पुन्हां पुन्हां उभ्या करतो. लढतीच्या वेळीं इतरांना जेथें गोंधळ दिसतो तेथें त्याला ओळखीची वाट दिसते.

आतां ग्रॅपलिंगकडे वळूं. ठोसे व लाथा वर्ज्य करून, गळा आवळून किंवा सांधा पिळून प्रतिस्पर्ध्यास हार मानावयास लावणारी ही कुस्ती ब्राझिलियन जुजुत्सूच्या पोटीं आलेली आहे. तेथें पाठीवर असणें हा पराभव नव्हेच. पाठीवरूनच पायांच्या आधारें लढण्याचें तिचें खास शास्त्र आहे. शिवाय जुजुत्सूच्या स्पर्धांत पाडावाचे दोन गुण मिळण्यास वरचढ स्थिति तीन सेकंद टिकवावी लागते. त्या तीन सेकंदांत फंकवाल्यास निसटावयास भरपूर वाव आहे. व्हर्जिनियांतील नॉर्फोक शहरच्या ग्रॅनबी शाळेच्या नांवानें प्रसिद्ध झालेली ‘ग्रॅनबी रोल’ ही खांद्यावरून घेतलेली लोळण आज जुजुत्सूच्या आखाड्यांत सर्रास शिकवितात. एडी ब्राव्हो या शिक्षकानें शाळेंतील कुस्तीचाच एक पेच उचलून ‘ट्विस्टर’ नांवाची कण्याची पिळवण प्रचारांत आणली. २०११ सालीं कोरियाच्या चान सुंग जुंगनें तिच्या बळावर यूएफसीमधील एक लढत जिंकली.

परंतु कुस्तीच्या नियमांनीं फंकवाल्याच्या एका अवयवास आजवर अभय दिलें होतें, आणि तो म्हणजे गळा. महाविद्यालयीन कुस्तींत गळा आवळण्यास बंदी असल्यामुळें तो दोन्ही हात प्रतिस्पर्ध्याच्या पायांत गुंतवून मान उघडी टाकतो, वेळप्रसंगीं पाठहि देतो. जुजुत्सूवाल्यास याहून अधिक काय हवें? २६ ऑक्टोबर २०१९ रोजीं सिंगापूर येथें ॲस्क्रेनची गांठ ब्राझीलच्या डेमियन माइयाशीं पडली. तेथें ठोसेहि चालत होते, पण लढतीचा निकाल लागला तो पकडींतच. तिसऱ्या फेरींत माइयानें पाठ मिळविली आणि मागून गळा आवळून ॲस्क्रेनला हार मानावयास लावलें. पुढच्याच महिन्यांत ॲस्क्रेननें निवृत्ति जाहीर केली.

म्हणूनच कुस्तींतून ग्रॅपलिंगकडे येणाऱ्या तरुणांस जाणते शिक्षक लोळण विसरावयास सांगत नाहींत. लोळतांना हनुवटी छातीशीं ठेवावी, दोनांपैकीं एक हात गळ्याच्या राखणीस मोकळा असावा, आणि पाठ देऊन वर येण्याची जुनी खोड मात्र आधीं मोडावी, एवढेंच ते सांगतात. ही खोड मोडण्यास बहुतेकांना महिनेच्या महिने लागतात, कारण शाळेंत असतांना तिनेंच त्यांना अनेक लढती जिंकून दिलेल्या असतात.