बिशप म्हणजे छोटा पोप नव्हे

चिरनेर, उरण, पनवेल या पट्ट्यात चर्च म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे कॅथलिक चर्चच येते. त्यामुळे प्रोटेस्टंट मंडळींचा कारभारही रोमच्या हुकमाने चालतो, असे अनेकजण धरून चालतात. तसे काही नाही. महाराष्ट्रातल्या बऱ्याच जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे सीएनआयमध्ये आहेत. सहा चर्चसंस्था एकत्र येऊन 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात ती स्थापन झाली. तिचे मुख्यालय दिल्लीत आहे.

‘बिशप म्हणेल ती पूर्वदिशा’ हा दुसरा गैरसमज, आणि तो खुद्द ख्रिस्ती घरांतही ऐकू येतो. इथे थोडा इतिहास पाहावा लागतो. एकत्र आलेल्यांपैकी अँग्लिकनांकडे बिशप होतेच. मुंबईला पहिला बिशप 1837 मध्ये मिळाला, थॉमस कार. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा मात्र उलटी: प्रत्येक मंडळी आपली आपण मुखत्यार. प्रेसबिटेरियनांचा भर पाळक आणि वडील यांच्या सभांवर. एकीकरणात या तिन्ही रीतींची सांगड घातली गेली. बिशप ठेवला, पण त्याला एकट्याला मोकळे रान दिले नाही.

म्हणून गावपातळीवर पास्टोरेट कमिटी असते, तिच्यावर धर्मप्रांताची परिषद आणि सर्वांत वर सिनड. या सभांत पाळकांबरोबर साधे सभासदही बसतात आणि मतही देतात. सिनड साधारण तीन वर्षांनी भरते. तिचा अध्यक्ष, म्हणजे मॉडरेटर, बिशपांपैकीच एक असतो. तोही निवडून आलेला.

याची दुसरी बाजू मंडळींना फारशी रुचत नाही. पाळक आवडला नाही म्हणून मंडळी त्याला परस्पर काढू शकत नाही. त्याची नेमणूक आणि बदली धर्मप्रांताकडून होते. रविवारी आवारात कितीही कुजबुज झाली तरी मार्ग अर्जाचाच.

सगळे प्रोटेस्टंट सीएनआयचेच, हेही खरे नाही. मेथॉडिस्टांचा मोठा गट 1970 मध्ये ऐनवेळी बाहेर राहिला. आज त्याची मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया ही स्वतंत्र संस्था आहे. साल्व्हेशन आर्मीही वेगळीच.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज जमिनीचा. चर्चची मिळकत बिशपच्या मालकीची नसते, ती विश्वस्त संस्थेच्या नावावर असते. नुसता विलीनीकरणाचा ठराव केल्याने जुन्या संस्थेची मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये गुजरातेतल्या ब्रदरन चर्चच्या खटल्यात स्पष्ट केले. महाराष्ट्रात नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाची जमीन विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तेव्हा चर्चच्या जागेचा सौदा घेऊन कोणी आले तर बिशपच्या सहीवर न जाता आधी तो परवानगीचा कागद मागा.