लेखांक ७ : डब्ल्यूसीडब्ल्यू नेमकी कशामुळे बुडाली?

वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग, म्हणजेच डब्ल्यूसीडब्ल्यू, ही अमेरिकेतली व्यावसायिक कुस्तीची कंपनी मार्च २००१ मध्ये बंद पडली. त्याच्या जेमतेम तीन वर्षे आधी ती या धंद्यात अव्वल होती. जून १९९६ ते एप्रिल १९९८ या काळात सलग ८३ आठवडे तिच्या ‘मंडे नायट्रो’ने विन्स मॅकमहन यांच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या प्रतिस्पर्धी कंपनीच्या ‘रॉ’ला टीआरपीत मागे टाकले होते. एवढ्या उंचीवरून एवढ्या झपाट्याने झालेली घसरण कुस्तीशौकिनांना आजही पचलेली नाही. पाव शतकानंतरही त्यांचा वाद चालूच आहे. कोणी एका रात्रीला दोष देतो, कोणी एका माणसाला, तर कोणी टाइम वॉर्नरच्या संचालकांना.

टेड टर्नर यांनी १९८८ मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या क्रॉकेट कुटुंबाचा कर्जात अडकलेला कुस्तीचा धंदा विकत घेतला. टर्नर यांच्या टीबीएस वाहिनीवर सत्तरच्या दशकापासून कुस्ती दाखवली जात होती, तिला हक्काचा प्रेक्षक होता आणि तो हातचा जाऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती. त्यामुळे डब्ल्यूसीडब्ल्यू जन्मापासूनच एका दूरचित्रवाणी कंपनीचे खाते होती. सुरुवातीची बरीच वर्षे ती तोट्यात गेली, पण टर्नर पाठीशी असल्याने तिच्या अस्तित्वाला धक्का लागला नाही. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या मालकीत आहे.

१९९३ मध्ये एरिक बिशॉफ यांच्याकडे सूत्रे आली. त्यांनी १९९४ मध्ये हल्क होगनला करारबद्ध केले आणि ४ सप्टेंबर १९९५ पासून टीएनटी वाहिनीवर ‘रॉ’च्याच वेळेला नायट्रो सुरू केला. ७ जुलै १९९६ रोजी फ्लोरिडातल्या डेटोना बीच येथे, लहान मुलांचा लाडका होगन खलनायकांना जाऊन मिळाला. चिडलेल्या प्रेक्षकांनी रिंगमध्ये अक्षरशः कचऱ्याचा ढीग केला. होगन, केव्हिन नॅश आणि स्कॉट हॉल यांच्या ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ या टोळीने पुढची दोन वर्षे गाजवली. मात्र होगनच्या करारात एक कलम होते. आपल्या कुस्तीचा निकाल नाकारण्याचा अधिकार त्याला त्या कलमाने दिला होता.

आपल्याकडच्या फडात नुरा कुस्ती लागली तर पंचांची आणि पैलवानांची धडगत नसते. अमेरिकी व्यावसायिक कुस्तीत निकाल आधीच ठरलेला असतो आणि प्रेक्षकालाही ते ठाऊक असते. तरी तो पैसे मोजतो, कारण बरेच महिने रंगवलेल्या कथेचा चोख शेवट पाहायला मिळेल, असा त्याला भरवसा असतो. हा भरवसा म्हणजेच या धंद्याचे भांडवल. डब्ल्यूसीडब्ल्यूच्या पडझडीवर तावातावाने बोलणारे बहुतेक शौकीन शेवटी हा भरवसा नेमका कधी तुटला यावरच भांडत असतात.

त्यातला एक गट डिसेंबर १९९७ च्या ‘स्टारकेड’ या कार्यक्रमाचे नाव घेतो. स्टिंग हा डब्ल्यूसीडब्ल्यूचा घरचा नायक. तो वर्षभराहून अधिक काळ एकही कुस्ती न लढता, तोंडाला पांढरा रंग फासून, स्टेडियमच्या छताजवळून होगनच्या टोळीवर नजर ठेवत होता. कथा इतकी तापली की वॉशिंग्टनमधला तो सामना कंपनीच्या इतिहासात सर्वाधिक विकला गेलेला पे-पर-व्ह्यू, म्हणजे वेगळे पैसे मोजून पाहायचा कार्यक्रम, ठरला. ठरल्याप्रमाणे पंच निक पॅट्रिकने स्टिंगला चीत ठरवताना घाईने आकडे मोजायचे होते आणि नुकत्याच दाखल झालेल्या ब्रेट हार्टने येऊन हा अन्याय दूर करायचा होता. प्रत्यक्षात पॅट्रिकने नेहमीच्याच गतीने आकडे मोजले. परिणामी होगनने स्टिंगला सरळसरळ हरवल्याचे सर्वांनी पाहिले. हार्टने सामना पुन्हा सुरू करायला लावून स्टिंगला जिंकवले, पण तो विजय उसना वाटला. वर्षभराची मेहनत पाच मिनिटांत वाया गेली. मोजणी चुकून संथ झाली की कोणाच्या सांगण्यावरून, हा या वादातला एक स्वतंत्र उपवाद आहे आणि त्यात सहभागी असलेल्यांच्या साक्षी एकमेकांशी जुळत नाहीत.

या गटाला दिले जाणारे उत्तरही वजनदार आहे. १९९८ हे डब्ल्यूसीडब्ल्यूचे सर्वाधिक कमाईचे वर्ष ठरले. भरवसा डिसेंबर १९९७ मध्येच तुटला असेल, तर त्यानंतर तिकिटे का खपली? त्याचे कारण गोल्डबर्ग. सप्टेंबर १९९७ मध्ये आलेला हा धिप्पाड माजी फुटबॉलपटू समोरच्याला दोन-तीन मिनिटांत चीत करायचा आणि दर आठवड्याला त्याच्या विजयांची संख्या वाढत जायची. ६ जुलै १९९८ रोजी अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये, सुमारे ४० हजार प्रेक्षकांसमोर, त्याने होगनकडून अजिंक्यपद जिंकले. त्या सोमवारी नायट्रोने ‘रॉ’वर मात केली. पण जो सामना महिनोन्‌महिने तापवून पे-पर-व्ह्यूवर विकता आला असता, तो एका रात्रीच्या टीआरपीसाठी फुकटात दाखवला गेला. इथे शौकिनांचा रोष रास्त आहे. कंपनीने आपले सर्वांत मोठे पीक हिरवे असतानाच कापले.

त्यानंतर आली ४ जानेवारी १९९९ ची रात्र. स्थळ पुन्हा जॉर्जिया डोम. आठवडाभर आधी नॅशने गोल्डबर्गची अपराजित घोडदौड विजेचा झटका देणाऱ्या यंत्राच्या आडून थांबवली होती आणि त्या दोघांची फेरलढत जाहीर झाली होती. आपल्या गावचा गोल्डबर्ग सूड घेणार म्हणून अटलांटाचे हजारो लोक जमले होते. प्रत्यक्षात कथेतल्या पोलिसांनी त्याला खोट्या तक्रारीवरून पकडून नेले आणि त्याच्या जागी निवृत्ती जाहीर केलेला होगन उतरला. घंटा झाली, होगनने नॅशच्या छातीवर एक बोट टेकवले, नॅश पाठीवर कोसळला, होगनने त्याला चीत केले आणि दोघांनी गळाभेट घेतली. धावत आलेल्या गोल्डबर्गला टोळीने बडवून काढले. महिनोन्‌महिने फुटलेली टोळी पुन्हा एक झाली होती, पण ती १९९६ चीच टोळी होती.

त्याच रात्री निवेदक टोनी शियाव्होनी यांनी वरून आलेल्या हुकमानुसार ‘रॉ’चा आधीच चित्रित झालेला निकाल फोडला. मिक फोली आज तिकडे अजिंक्यपद जिंकणार, असे त्यांनी उपहासाने सांगितले. परिणाम उलटा झाला. दातांपासून कानापर्यंत सगळे या धंद्यासाठी पणाला लावलेला फोली जिंकताना पाहायला लाखो प्रेक्षकांनी लगेच वाहिनी बदलली. तरीही एक आकडा विसरून चालत नाही. त्या रात्री ‘रॉ’ला सुमारे ५.७ आणि नायट्रोला सुमारे ५.० टीआरपी मिळाला. पाचचा टीआरपी असलेली कंपनी त्या रात्री मेली असे म्हणता येत नाही. ती रात्र रोगाचे लक्षण होती. रोग जुना होता. शेवट चोख करण्याची वेळ आली की जुन्या बड्या नावांची सोय आधी बघितली जाई.

त्या बड्या नावांमुळे तरुणांची वाट अडली. एडी गरेरो, रे मिस्टेरिओ, डीन मलेन्को, ख्रिस जेरिको हे हलक्या वजनाचे कसबी पैलवान नायट्रोचा पहिला तास जिवंत ठेवत, पण मुख्य सामन्यापर्यंत त्यांना येऊ दिले जात नसे. जेरिको ऑगस्ट १९९९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये गेला. जानेवारी २००० मध्ये ख्रिस बेन्वाने अजिंक्यपद जिंकले, दुसऱ्याच दिवशी पट्टा परत केला आणि गरेरो, मलेन्को व पेरी सॅटर्न यांच्यासह तोही तिकडे गेला. त्याआधीच नायट्रो तीन तासांचा झाला होता आणि जानेवारी १९९८ पासून ‘थंडर’ हा आणखी एक साप्ताहिक कार्यक्रम गळ्यात पडला होता. एवढी जागा भरायला पुरेल इतकी कथा कोणाकडेच नव्हती.

सप्टेंबर १९९९ मध्ये बिशॉफ यांना दूर करून ऑक्टोबरात डब्ल्यूडब्ल्यूएफचे लेखक व्हिन्स रुसो यांना आणले गेले. सर्वाधिक शिव्या रुसोंच्याच वाट्याला येतात आणि त्यातल्या बऱ्याच सार्थ आहेत. २००० सालात अजिंक्यपदाचा पट्टा इतक्या वेळा हातोहात फिरला की त्याची किंमतच उरली नाही. सप्टेंबरमध्ये खुद्द रुसोंनीही तो जिंकला. एप्रिलमध्ये एका चित्रपटाच्या जाहिरातीसाठी अभिनेता डेव्हिड आर्केट अजिंक्यवीर झाला. आर्केट स्वतः निस्सीम कुस्तीशौकीन होता, त्याने या कल्पनेला विरोध केला होता आणि मिळालेले पैसे त्याने दिवंगत पैलवान ओवेन हार्ट, ब्रायन पिलमन आणि जायबंदी झालेला डॅरन ड्रोझडोव्ह यांच्या कुटुंबांना दिले. त्याच्यावर राग काढणारे शौकीन चुकीच्या माणसाला पकडतात. मात्र रुसो आले तेव्हा गळती वर्षभर चालू होती, हेही त्यांच्या टीकाकारांनी मान्य करायला हवे.

या सगळ्याला छेद देणारा एक गट म्हणतो की कुस्तीचा दर्जा हा मुद्दाच नाही. १९९६ मध्ये टर्नर यांची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली आणि जानेवारी २००१ मध्ये एओएल–टाइम वॉर्नरचे विलीनीकरण पूर्ण झाले. दर विलीनीकरणागणिक टर्नर यांचा शब्द हलका होत गेला. २००० सालचा डब्ल्यूसीडब्ल्यूचा तोटा सहा कोटी डॉलरहून अधिक सांगितला जातो. वाहिनीला जाहिरातींतून मिळणारा पैसा कुस्तीच्या खात्यावर नीट जमा धरलाच जात नव्हता, असे या गटाचे म्हणणे आहे. बिशॉफ यांना पुढे करून फ्युझियंट ही गुंतवणूकदारांची कंपनी डब्ल्यूसीडब्ल्यू घ्यायला तयार होती. पण मार्च २००१ मध्ये टर्नर ब्रॉडकास्टिंगचे नवे प्रमुख जेमी केल्नर यांनी टीएनटी आणि टीबीएसवरून कुस्ती काढून टाकली. वाहिनीवरची वेळच नसेल तर नुसते नाव घेऊन करायचे काय, म्हणून फ्युझियंटने माघार घेतली.

शौकिनांचा वाद वर्षानुवर्षे एकाच जागी फिरतो, कारण त्यात दोन प्रश्न एकत्र कालवले जातात. प्रेक्षक का गेला, हा पहिला. त्याचे उत्तर १९९७ ते २००० मधल्या मोडलेल्या शब्दांत, होगनच्या कलमात आणि रुसोंच्या घाईत आहे. कंपनी बंद का झाली, हा दुसरा. त्याचे उत्तर मालकीत आहे. डब्ल्यूडब्ल्यूएफही १९९६-९७ च्या सुमारास तोट्यात होती आणि टीआरपीत हरत होती. पण ती मॅकमहन कुटुंबाचा एकमेव धंदा होती आणि तिला गुंडाळणारा वरचा साहेब कोणी नव्हता, म्हणून सावरायला तिला वेळ मिळाला. डब्ल्यूसीडब्ल्यूला तो मिळाला नाही. प्रेक्षक टिकले असते तर केल्नर यांना हा निर्णय इतका सोपा गेला नसता, एवढाच या दोन उत्तरांमधला दुवा.

२३ मार्च २००१ रोजी विन्स मॅकमहन यांनी डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली. किंमत २५ लाख डॉलरच्या आसपास सांगितली जाते. २६ मार्चला पनामा सिटी बीच येथे शेवटचा नायट्रो झाला आणि त्यात पहिल्या नायट्रोप्रमाणेच स्टिंग आणि रिक फ्लेअर लढले. मॅकमहन यांनी बऱ्याच तरुण पैलवानांचे करार घेतले, पण सर्वांत महागडे करार एओएल–टाइम वॉर्नरकडेच राहिले आणि त्या पैलवानांना घरी बसून पगार मिळत राहिला. म्हणून त्याच उन्हाळ्यात डब्ल्यूडब्ल्यूएफने रंगवलेली दोन कंपन्यांची लढाई फिकी पडली. फ्लेअर नोव्हेंबर २००१ मध्ये, होगन, नॅश आणि हॉल फेब्रुवारी २००२ मध्ये आणि गोल्डबर्ग २००३ मध्ये मॅकमहन यांच्याकडे आले. स्टिंगने मात्र तिकडच्या रिंगमध्ये पाऊल ठेवले ते थेट नोव्हेंबर २०१४ मध्ये.