बोनाफाईड दाखला, रोमचा कायदा आणि गोव्यातल्या बायकांचा अर्धा वाटा



मुलांच्या शाळेतून बोनाफाईड दाखला आपण सगळ्यांनीच आणला आहे. पण बोनाफाईड हा शब्द मराठी नाही आणि मुळात इंग्रजीही नाही. तो लॅटिन आहे, म्हणजे जुन्या रोमन लोकांच्या भाषेतला. अर्थ साधा, सचोटीने केलेलं. रोममध्ये खरेदी-विक्रीचा तंटा न्यायाधीशापुढे गेला की दोघं सचोटीने वागले का, हे बघितलं जाई. आपण कोर्टात करतो ते अ‍ॅफिडेव्हिट, तो शब्दही लॅटिनच.

इसवी सनाच्या साडेचारशे वर्षं आधी रोममध्ये बारा पाट्यांवर कायदा लिहून लोकांसमोर लावला होता. पुढे जस्टिनियन नावाच्या बादशहाने 529 ते 534 या काळात सगळा कायदा गोळा करून ग्रंथ तयार करवले. युरोपातल्या पुष्कळ देशांचे कायदे त्या ग्रंथांवर उभे राहिले. पोर्तुगालचाही.

पोर्तुगीज म्हटलं की आपल्याला वसईचा किल्ला आठवतो. 1534 मध्ये ते इथे आले आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी त्यांना घालवलं. गोव्यात मात्र ते 1961 पर्यंत राहिले. त्यांनी 1867 मध्ये केलेला नागरी कायदा 1 जुलै 1870 पासून गोव्यात लागू झाला. गोवा मुक्त झाल्यावर आपल्या संसदेने 1962 मध्ये तो तसाच चालू ठेवला. गंमत म्हणजे पोर्तुगालने स्वतःकडे तो कधीच बदलला, गोव्यात मात्र त्याचं बरंचसं अजून चालू आहे. वारसाचा भाग आता गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आहे, पण तत्त्व तेच. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सगळ्यांना तोच.

आता त्यात आपल्या कामाचं काय, ते बघू. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर लग्नानंतर नवरा-बायकोची मिळकत सामायिक होते. निम्मी त्याची, निम्मी तिची. माहेरचं, सासरचं, कमावलेलं, सगळं त्यात आलं. दोघांनी मिळून काढलेलं कर्जही आलं. आणि बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला घर किंवा जमीन विकता येत नाही.

समजा दोघांचं मिळून वीस लाखांचं घर आहे. त्यातले दहा लाख बायकोचेच. नवऱ्याने मृत्युपत्र केलं तर ते फक्त त्याच्या दहा लाखांचं. त्यातलेही पाच लाखच तो मनाला येईल त्याला देऊ शकतो. उरलेले पाच मुलांसाठी राखीव, मुलगा-मुलगी सारखे, मुलीचं लग्न झालेलं असो वा नसो. या राखीव वाट्याला लेजितिमा म्हणतात.

लेजितिमा ही रोमची देणगी. तिथे बापाला मृत्युपत्राचा फार मोठा अधिकार होता. पण पोरांना डावललं तर पोरं कोर्टात जाऊन म्हणत, हे मृत्युपत्र बापाच्या कर्तव्याला सोडून आहे. हळूहळू मुलांसाठी एक चतुर्थांश वाटा ठरला, मग जस्टिनियनने तो वाढवला. 543 मध्ये त्याने वारसात मुलगा-मुलगी भेद काढून टाकला. रोमचं फार कौतुक करायला नको, तिथे बाईला कितीतरी काळ पुरुष पालकाच्या परवानगीने व्यवहार करावा लागे. शिवाय नवरा-बायकोच्या निम्म्या वाट्याची रीत रोमची नाहीच, ती स्पेन-पोर्तुगालकडच्या जुन्या चालीतून आली.

गोव्याचा कायदाही काही सोन्याचा नाही. मूळ कायद्यात सामायिक मिळकतीचा कारभार नवऱ्याच्या हाती दिला होता. 1880 च्या एका नियमात तर हिंदू बायकोला तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही, तर नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची मुभा होती. आणि तिथेही मुली भावांसाठी हक्क सोडून सह्या करतातच.

आपल्याकडे कसं आहे? हिंदू नवऱ्याच्या स्वकष्टाच्या मिळकतीत तो जिवंत असेपर्यंत बायकोचा मालकीहक्क नाही, मग घर दोघांच्या कष्टाचं का असेना. मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगे, मुली आणि सासू यांना सारखे वाटे. ख्रिस्ती कुटुंबात मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश. पण मृत्युपत्र करून हिंदू किंवा ख्रिस्ती माणूस आपलं सगळं कुणालाही देऊ शकतो. राखीव वाटा नाही. मुस्लिम कायद्यात मात्र वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त मृत्युपत्राने देता येत नाही. आदिवासी मैत्रिणींना हिंदू वारसा कायदा लागू नाही, त्यांचं रूढीप्रमाणे चालतं. त्यांनी तर आधी विचारूनच घ्यावं.

म्हणून मला वाटतं, बायकोचं नाव कागदावर जिवंतपणीच चढलं पाहिजे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती म्हणून हेच सांगितलं होतं. सातबारावर घरधनिणीचं नाव लावा. नवं घर घेताय तर करारनामा दोघांच्या नावाने करा. घरपट्टीवर नाव असलं म्हणजे मालकी झाली, असं मात्र समजू नका.

आणि हक्कसोड. चंदनसारपासून सगळ्या विरारपर्यंत जागेला भाव आला, तसे माहेरचे फोन वाढलेत. "ताई, एक सही हवी." इथे रोमचा एक नियम आपल्याही कायद्यात आहे. माणूस जिवंत असताना त्याच्या वारशाची नुसती आशा कुणाला विकता किंवा देता येत नाही. म्हणजे वडील हयात आहेत आणि मिळकत त्यांच्या स्वकष्टाची आहे, तर मुलीच्या हक्कसोडीला सहसा अर्थ नाही. पण त्या सहीबद्दल पैसे घेतले असतील, तर पुढे कोर्ट ते विरोधात धरू शकतं. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीचं उलट आहे. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला तिथे जन्मापासून मुलासारखाच हक्क आहे. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी 2005 साली वडील हयात असण्याची अट नाही. तिथला हक्क आजचा आहे, त्यामुळे नोंदणीकृत हक्कसोडीवर केलेली सही तो खरोखरच घालवते.

म्हणून सही मागितली की तीन गोष्टी विचारा. मिळकत कुणाच्या नावावर? तो माणूस हयात आहे का? स्वकष्टाची की वडिलोपार्जित? कागद घरी आणून दोन दिवस ठेवा. वाचता येत नसेल तर गटात वाचून घ्या. उत्पन्न कितीही असो, बाईला सरकारकडून वकील मोफत मिळतो. 15100 या नंबरवर फोन करा किंवा वसईच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे जा. जाताना सातबारा, फेरफार आणि सही मागितलेल्या कागदाची झेरॉक्स सोबत न्या.