डबा भरला कोणी?

कोल्हापुरात भडंग घ्यायला गेलं की दुकानदार आधी मूठभर हातावर ठेवतो. चव पटली तर किलोची पिशवी, नाही पटली तर "दुसरा दाखवा की". गुळाचंही तसंच. ढेपेचा टवका तोंडात टाकल्याशिवाय बोलणं पुढं सरकत नाही. अशा गावात आता कुरिअरवाल्याच्या पिशवीतून उलटा व्यवहार घरात शिरलाय. पैसे आधी द्यायचे आणि आत काय आहे ते खोकं फोडल्यावर बघायचं. दर महिन्याला खात्यातून ठरलेली रक्कम आपोआप जाते आणि दूरच्या शहरातलं कुणीतरी आपल्यासाठी निवडून पाठवतं, कुणी खाऊ, कुणी पुस्तकं, कुणी कपडे. 'सबस्क्रिप्शन बॉक्स' या नावानं हा धंदा जगभर चालतो. राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत अशी खोकी दिसायला लागली, तेव्हा तिन्ही प्रकार मागवून बघावेत असं मनात आलं.

खाऊचा डबा आधी आला. 499 रुपये. झाकण उघडलं तर वर कागदाच्या झिरमिळ्या, त्यावर माझं नाव घातलेलं गुळगुळीत कार्ड आणि खाली फुगलेली सहा पाकिटं. पेरी-पेरी मखाना, भाजलेल्या बिटाच्या चकत्या, नाचणीचे पफ, असला ऐवज. सासूबाईंनी एक पाकीट उचललं, दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, ह्यात नुसता वाराच भरलाय की!" त्यांचं म्हणणं ताडून बघायला मी पाकिटांच्या मागची निव्वळ वजनं मांडली. 35, 40, 30, 50, 25 आणि 60. एकूण 240 ग्रॅम. म्हणजे किलोला दोन हजारांच्या वर भाव पडला. तेवढ्या पैशांत इथं दीड किलो भडंग येतो, वर कांदा-लसूण चटणीची पुडीही सुटते.

पण वजनापेक्षा तारखा बोलक्या होत्या. सहातल्या तीन पाकिटांची मुदत महिनाभरात संपत होती. यामागं या धंद्याचं जुनंच गणित असतं. न्यूयॉर्कमध्ये 2010 साली सुरू झालेल्या 'बर्चबॉक्स'नं ते रूढ केलं. महिना दहा डॉलरला सौंदर्यप्रसाधनांचे छोटे नमुने घरपोच मिळायचे. हे नमुने कंपन्या फुकटात किंवा नाममात्र किमतीत देत, कारण त्यांना नवा माल लोकांच्या हातात पडायला हवा होता. म्हणजे एरवी दुकानाच्या दारात फुकट वाटायची वस्तू गिऱ्हाईक पैसे मोजून घरी मागवू लागलं. खाऊच्या डब्यांतही बरंचसं हेच चालत असावं, मग मुदत सरत आलेली पाकिटं आत येणं नवल नाही. लंडनच्या 'ग्रेझ'नं 2008 पासून खाऊची खोकी पाठवली, तीही दाराच्या टपालफटीतून आत सरकतील अशा चपट्या मापाची. डोकं लावलेलं होतं यात शंका नाही. पुढं ग्रेझचा खाऊ सुपरमार्केटच्या फळीवर गेला आणि 2019 मध्ये 'युनिलिव्हर'नं अख्खी कंपनीच विकत घेतली. नव्या चवीची ओळख झाली की गिऱ्हाईक ती दुकानातच शोधतं, डब्याची गरज तिथंच संपते.

खाऊचा खरा डबा आमच्याकडं दिवाळीच्या आधी भरला जातो. अमेरिकेत, जर्मनीत, ऑस्ट्रेलियात पोरंबाळं असलेल्या घरांत तेव्हा वजनकाटा बाहेर येतो. टपाल खातंही दिवाळीत परदेशी जाणारी फराळाची पार्सलं आवर्जून घेतं. चकल्या कडक डब्यात, मध्ये टिश्यू कागद कोंबून, नाहीतर पलीकडं भुगा पोचतो. चिवडा दुहेरी पिशवीत, हवा काढून. अनारसे सगळ्यात वर. लाडू जड म्हणून त्यांच्यावर कायम कात्री लागते. मग जकातीच्या फॉर्मवर प्रत्येक जिन्नस वजनासह लिहायचा आणि 'शंकरपाळी'ला इंग्रजीत काय म्हणायचं यावरून काउंटरवर घोळ घालायचा. या डब्यातली चकली मऊ निघाली तर आठवड्याच्या आत आईला फोन येतो. पुढच्या वर्षी मोहन बदलतं.

निवड चुकली तर झळ कुणाला बसते? बाकीचे डबे मी याच प्रश्नावर घासून पाहिले.

कपड्यांच्या डब्याचं मूळ सॅन फ्रान्सिस्कोच्या 'स्टिच फिक्स'मध्ये सापडतं. कॅटरिना लेक या तरुणीनं 2011 मध्ये ही कंपनी सुरू केली. तुम्ही मापं, आवडनिवड, खर्चाची मर्यादा भरून द्यायची. एक जाणकार, सोबत संगणकाचा हिशेब, पाच कपडे निवडून पाठवणार. निवडणावळीचे 20 डॉलर. काही ठेवून घेतलंत तर ते त्यातून वळते, बाकीचं परत. व्यवहार सरळ होता, कारण चूक झाली तर माल कंपनीच्या गळ्यात पडायचा. तरीही 2021 मध्ये याच कंपनीनं गिऱ्हाइकाला स्वतः निवडून थेट खरेदी करायची मुभा दिली. आपल्याकडं मुंबईत 2013 साली निघालेल्या 'स्टाइलक्रॅकर'नं अर्चना वालावलकर आणि धीमान शाह यांच्या पुढाकारानं हा प्रकार रुजवायचा प्रयत्न केला.

मी ज्यांच्याकडून डबा मागवला त्यांचं नाव घेत नाही. प्रश्नावलीत शरीराचा आकार फळांच्या भाषेत विचारला होता, पेर की सफरचंद. मी काय लिहिलं ते सोडा. आलेला कुर्ता खांद्यात आवळत होता आणि मोहरी रंग माझ्यावर कसा दिसतो हे प्रश्नावलीला कुठून कळणार? परत पाठवायला गेले, तर 'आपल्या पिनकोडवरून माल उचलण्याची सोय तूर्त उपलब्ध नाही'. पाठवताना पिनकोड सापडला होता, बरं का.

कोल्हापूरकरांना कपड्यांची ददात नाही हेही सांगायला हवं. शहराला लागून गांधीनगर आहे, फाळणीनंतर आलेल्या सिंधी व्यापाऱ्यांनी उभारलेली कापडाची ठोक पेठ. तिथं दुकानदार गादीवर बसवतो आणि तुम्ही नको नको म्हणेपर्यंत ठाणामागून ठाण उलगडतो. त्यातून उरलेली हौस साडी भिशी भागवते. भिशी म्हणजे आमच्याकडची हप्त्यांची खरेदीच. समजा वीसजणी आहेत, महिन्याला प्रत्येकीचे पाचशे. जमले दहा हजार. चिठ्ठी निघेल तिला त्या महिन्यात दहा हजारांची साडी, मात्र पुढचे हप्ते तिनंही भरायचे. वीस महिन्यांत सगळ्यांची पाळी होते. पैसा इथंही आधीच द्यायचा, नंबर शेवटचा लागला तर विसाव्या महिन्यापर्यंत वाट बघायची. तरी बायका बिनघोर असतात, कारण भिशी चालवणारी गल्लीतलीच असते. साडीचा रंग गेला, जर काळी पडली, तर तिला तोंड चुकवून जाता येत नाही. अंबाबाईच्या रांगेत ती पुढंमागं उभी असतेच.

भिशीचे गोडवेच गावेत असं नाही. काही दुकानदार आणि एजंट 'चिठ्ठी लागली की पुढचे हप्ते माफ' अशी आकर्षक योजना काढतात. मग ती आपसातली भिशी राहत नाही. बक्षिसाच्या अशा चिठ्ठी योजनांवर बंदी घालणारा कायदा 1978 पासून देशात आहे, आणि 'हप्ते माफ' ऐकलं की तो आठवावा. हप्ते गोळा करून पसार झालेल्यांच्या बातम्या पश्चिम महाराष्ट्रात दर दिवाळीच्या सुमारास वाचायला मिळतात.

आता आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचं. यूपीआयवर 'ऑटोपे' जुलै 2020 मध्ये आलं. कार्डावरून होणाऱ्या अशा वसुलीला रिझर्व्ह बँकेनं 1 ऑक्टोबर 2021 पासून वेसण घातली. पैसे कापण्याआधी किमान 24 तास सूचना आली पाहिजे आणि त्या सूचनेतूनच नकार देता आला पाहिजे. पुढं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 रोजी फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांना नावानिशी मनाई केली. वर्गणीचा सापळा हा त्यातला एक: भरती व्हायला एक बटण आणि सुटका करून घ्यायला चौदा पायऱ्यांचा जिना, वर 'तुम्ही खरंच आम्हाला सोडून चाललात?' हा गळा काढणं. खाऊचा डबा बंद केल्यावरही माझ्या खात्यातून एक हप्ता गेला. कंपनीच्या संकेतस्थळावर हेलपाटे घालण्यापेक्षा यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' या नावाखाली जाऊन तिथूनच परवानगी काढून घेणं सोपं पडतं. त्यानंही भागलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

पुस्तकांच्या डब्याबद्दल मात्र मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण हा प्रकार कोल्हापूरला नवा नाही. राजाराम कॉलेजातले प्राध्यापक विष्णू गोविंद विजापूरकर यांनी 1894 मध्ये 'ग्रंथमाला' हे मासिक काढलं. नावाप्रमाणं ते ग्रंथांचंच मासिक होतं. वर्गणीदारांकडं दर महिन्याला पुस्तकं तुकड्यातुकड्यांनी पोचायची. आत काय असावं हे विजापूरकर ठरवत. इतिहासाचार्य राजवाड्यांचा 'कादंबरी' हा गाजलेला निबंध याच मालेतून वाचकांसमोर आला. वर्गणीदारानं तो मागितलेला नव्हता. कादंबरी म्हणजे वेळ घालवायचं साधन असं समजणाऱ्या एखाद्या कारकुनाच्या घरात तो टपालानं येऊन पडला असेल, आणि निवडीचं मोल मला तिथं दिसतं. आपण होऊन जे उचललं नसतं, ते वाचायला लागतं.

पैशाची वाट त्या काळात उलटी होती. 1877 मध्ये टपाल खात्यात व्ही. पी. (व्हॅल्यू पेएबल) आली होती. अंक दारात यायचा, पोस्टमन पैसे मागायचा, दिले तर अंक हातात. मन फिरलं की 'परत' म्हणायला वर्गणीदार मोकळा, आणि जाण्यायेण्याचा भुर्दंड संपादकाला. जुनी मराठी मासिकं चाळली तर 'कृपा करून व्ही. पी. परत करू नये' अशी काकुळती ठिकठिकाणी दिसते. जोखीम सगळी पाठवणाऱ्याच्या माथी. न्यूयॉर्कमध्ये 1926 साली हॅरी शर्मन यांनी 'बुक ऑफ द मंथ क्लब' काढला तेव्हा पारडं फिरलं. पाच जाणत्या परीक्षकांनी निवडलेलं पुस्तक दर महिन्याला येणार. नको असेल तर सभासदानं आधी कळवायचं, नाही कळवलं तर होकार धरला जाणार. गप्प बसण्याला होकार मानण्याची ही युक्ती तिथून पुढं सगळ्या वर्गणीवाल्यांनी उचलली. आजचं 'ऑटोपे' तिचंच नातवंड.

विजापूरकरांनी निवडीची किंमत पुढं मोजलीही. त्यांच्या 'विश्ववृत्त' मासिकातल्या पंडित सातवळेकरांच्या एका लेखावरून 1908 मध्ये राजद्रोहाचा खटला उभा राहिला. विजापूरकर आणि संपादनात त्यांच्यासोबत असलेले वामन मल्हार जोशी, दोघांनाही तीन वर्षांची सजा झाली. संपादकाचं नाव मुखपृष्ठावर असण्याचा अर्थ तेव्हा एवढा जड होता.

मी मागवलेल्या पुस्तकांच्या डब्यावर निवडणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं. आत एक इंग्रजी कादंबरी, तिच्याभोवती लव्हेंडरच्या वासाची मेणबत्ती, एक बिल्ला आणि चहाची दोन पाकिटं. कादंबरी वाईट नव्हती. पण हीच का, यावर एक ओळही नाही. छापील किंमत 399, डब्याची 1,100. उरलेल्या सातशेंत मेणबत्ती.

याउलट नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी 2009 मध्ये सुरू केलेली 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना बघा. एका पेटीत शंभर पुस्तकं. ती वाचकांच्या एका गटाकडं जाते, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी अदलाबदल होते. पुस्तकं देणग्यांतून येतात, वाचकाला पैसे पडत नाहीत. दुबईतल्या मराठी घरांपर्यंत या पेट्या पोचल्या. शंभरांत नावडती चाळीस असली तरी साठ उरतातच आणि ज्याच्या घरी पेटी असते त्याच्या दिवाणखान्यात माणसं येतात, 'हे घेऊन जा, ते राहू दे' असं एकमेकांना सांगतात. 1850 पासून चालत आलेल्या आपल्या करवीर नगर वाचन मंदिरातही काउंटरपलीकडचा माणूस हेच करत आलाय. तुम्ही मागितलेलं पुस्तक बाहेर गेलं असेल तर तो दुसरं पुढं सरकवतो, आणि ते रटाळ निघालं तर पंधरा दिवसांनी त्याच्याच समोर जाऊन उभं राहता येतं.

मराठी पुस्तकांचा असा महिन्याचा डबा कोल्हापुरातून का निघू नये? मेहता पब्लिशिंग हाऊस मूळचं इथलं, वाचकांची कमी नाही. टपालाची अडचण होती. स्वस्तातली नोंदणीकृत बुकपोस्ट डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली तेव्हा छोट्या प्रकाशकांनी डोक्याला हात लावला होता. त्यानंतर 1 मे 2025 पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाली. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, पाच किलोला 100, कर वेगळा. दोनशे पानांचं साध्या बांधणीचं पुस्तक तीनशे ग्रॅमच्या आत बसतं. मेणबत्ती घातली तर वजन वाढेल, तेव्हा ती नको. त्याऐवजी हे पुस्तक मी का निवडलं असं एक पानभर पत्र आणि खाली निवडणाऱ्याची सही व पत्ता, म्हणजे भांडायला कुठं जायचं ते कळेल.