खांब उभे राहिले, भिंती पडल्या

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची विसर्जने आटोपून लोक नुकते झोपले होते. लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसे गेली, आणि बहुतेक स्वतःच्याच घरांखाली. त्या ढिगाऱ्यांत काही ठिकाणी दगडी भिंती पार कोसळल्या होत्या, पण आतला लाकडी सांगाडा उभा होता. पारंपरिक बांधकामाचे गुण आणि दोष एकाच घरात दिसत होते. लाकूड, माती, दगड, चुना यांकडे आज पुन्हा वळणाऱ्यांनी ती घरे नीट समजून घ्यायला हवीत.

भार कोणावर, आडोसा कशाचा

काही घरांत भिंतीच छत पेलतात. देशावरच्या वाड्यांत आणि मराठवाड्यातल्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांत मात्र हे काम मुख्यतः खांब-तुळयांचे. भिंत आडोसा देते, उन्हाची झळ अडवते. जुना वाडा उतरवणारे म्हणूनच आधी मधल्या विटा काढू शकतात. सांगाडा हलत नाही.

सांगाड्याचे माप खण. दोन खांबांमधली, म्हणजेच दोन तुळयांमधली मोकळी जागा म्हणजे एक खण. हे अंतर वास्तुशास्त्राच्या पोथीपेक्षा लाकडावर जास्त ठरे: वर अंथरायची कडी किती लांबीपर्यंत वाकत नाही, त्यावर. म्हणून घरही खणांत सांगितले जाई. ‘पाच खणी सोपा’ म्हटले की सुताराला किती लाकूड लागेल ते कळे.

तळखडा ते कडीपाट

खांब थेट जमिनीत पुरायचा नाही, हा पहिला नियम. खाली दगडी तळखडा असतो. जमिनीतली ओल लाकडात चढू नये आणि वाळवीला वर येताना दगडावरून उघड्यावर यावे लागावे, एवढ्यासाठी तो. खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना पसरलेला हस्त बसतो. त्यामुळे तुळईचा अधांतरी भाग कमी होतो आणि ती कमी वाकते. हस्तावरचे कोरीवकाम सगळे बघतात, त्याचे काम कोणी बघत नाही. तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या. हा झाला कडीपाट.

सांध्यात खिळा जवळजवळ नसतोच. एका लाकडाचे टोक तासून कुसू काढायचे, दुसऱ्यात त्याच मापाची खाच पाडायची, बसवून पाचर ठोकायची. लाकूड हवेतल्या दमटपणाबरोबर आडव्या अंगाने फुगते आणि आकसते, उभ्या रेषांच्या दिशेने मात्र फारसे बदलत नाही. लोखंडी खिळा या हालचालीत ढिला होतो आणि गंजतो. लाकडाचा सांधा तिच्याबरोबर हलतो. वरचे वजन त्याला घट्ट दाबून धरते. असा सांधा धक्क्यात कुरकुरतो, थोडा सरकतो, पण एकदम तुटत नाही. किल्लारीत सांगाडे तगले ते बऱ्याच अंशी यामुळे.

माळवदाचे वजन

आता दोषाकडे. मराठवाड्यात उन्हाळा कडक आणि पाऊस बेताचा, म्हणून कड्या-फळ्यांवर पांढरी माती अंथरून सपाट माळवद करण्याची रीत. ही माती पाणी सहसा आत घेत नाही. पन्हळीतून पाणी बाहेर जाते, आणि दुपारी घरात गारवा राहतो. रात्री वर झोपायला जागा, दिवसा धान्य वाळवायला.

पण दर पावसाळ्याआधी माळवद गळू नये म्हणून नवी माती टाकायची. जुनी काढत कोण बसणार? बापाने टाकली, मुलाने टाकली. दोन-तीन पिढ्यांत थर दोन फुटांवर गेलेली घरे होती. हिशेब करून पाहा: दोन फूट दाबलेली माती एका चौरस मीटरवर जवळपास एक टन भरते. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर नऊ टनांहून अधिक. भूकंपाचा धक्का वजनाच्या प्रमाणात बसतो; माथा जड तितका हेलकावा मोठा. घराची काळजी घेता घेताच लोकांनी डोक्यावर संकट रचले होते.

भिंतींची चूक वेगळी. दोन-तीन फूट जाडीची दगडी भिंत भक्कम दिसते. प्रत्यक्षात ती दोन पातळ भिंतींची जोडी असते. बाहेरून चांगले दगड, आतून चांगले दगड, मधे गोटे आणि चिखल. दोन्ही बाजूंना एकत्र बांधणारा आरपार दगड नसला की हादऱ्याने दोन्ही पदर सुटून पडतात, एक अंगणात आणि एक झोपलेल्यांवर. लाकडी सांगाड्याशी त्या भिंतीचा काही बांधच नव्हता. म्हणून सांगाडा उभा राहिला तरी माणूस वाचेलच असे नव्हते.

काश्मिरात हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवलेला दिसतो. तिथल्या धज्जी दीवारी पद्धतीत पातळ भिंतीला उभ्या, आडव्या आणि तिरप्या लाकडी पट्ट्यांनी लहान लहान चौकटींत विभागतात आणि त्यांत विटा-माती भरतात. तडा एका चौकटीत गेला तरी पुढच्या लाकडापाशी थांबतो. २००५ च्या भूकंपानंतर पाकिस्तानने आपल्या बाजूच्या पुनर्बांधणीत या पद्धतीला अधिकृत मान्यता दिली.

चुना, आग, वाळवी

सिमेंटपेक्षा चुना कमी उष्णतेत तयार होतो: चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसवर भाजली जाते, सिमेंटला सुमारे १४५० अंश लागतात. शिवाय चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड काही प्रमाणात परत घेतो. जगातल्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. पण चुन्याला वेळ लागतो. घाण्यात मळणे, मुरवणे, गिलाव्याला दिवसचे दिवस ओले ठेवणे हे आजच्या ठेकेदाराला परवडत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

लाकडी घराला आगीचे भय असते, हे खरे आहे. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला. दगडी जोते आणि तटबंदी उरली, वरचे लाकडी मजले गेले. मात्र जाड तुळई आणि पातळ फळी आगीत सारख्या वागत नाहीत. जाड लाकूड मिनिटाला अर्धा-पाऊण मिलिमीटर या गतीने बाहेरून कोळसा होत जाते आणि तो कोळसाच आतल्या गाभ्याला झाकतो.

वाळवीवर जुना उपाय म्हणजे सागाचा गाभा वापरणे आणि बाहेरचे फिके लाकूड टाळणे. कोकणात वाशांना काजूच्या टरफलांचे तेल लावत.

आज बांधायचे तर

नवे सागवान महाग आहे, आणि स्वतःच्या जमिनीतला साग तोडायलाही परवानगी लागते. पाडलेल्या वाड्यांचे जुने लाकूड हा चांगला पर्याय आहे. ते वाळून स्थिर झालेले असते. फक्त तुळईची टोके टोचून पाहावीत, कारण भिंतीत गाडलेला भागच आधी कुजतो. दुसरा पर्याय बांबूचा. जंगलाबाहेर वाढलेला बांबू २०१७ च्या कायदादुरुस्तीने ‘वृक्षा’च्या व्याख्येतून वगळला गेला. तीन-चार वर्षांचा, पावसाळा सरल्यावर तोडलेला आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला बांबू घ्यावा. कोवळा बांबू भुंग्याचे खाद्य होतो.

जुने माळवदाचे घर असेल तर ते पाडायची घाई नको. माती उतरवून वीतभर थर ठेवावा, खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे टेके द्यावेत, भिंतीत ठरावीक अंतराने आरपार दगड किंवा त्याऐवजी सळई घातलेले काँक्रीटचे तुकडे बसवावेत. आयएस १३८२८ या भारतीय मानकात भिंती कशा बांधाव्यात हे सविस्तर आहे. तालुक्याच्या गावातल्या अभियंत्याने ते वाचले असेल असे गृहीत धरू नये; आपणच प्रत घेऊन जावे.